कृष्णा खोऱ्यातलं पूरनियोजन: अलमट्टीच्या पातळीइतकंच जुन्या दरवाज्यांकडेही बघायला हवं

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

जून जवळ आला की सांगली-कोल्हापुरात कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी हा एकच विषय असतो. पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. भर पावसाळ्यात ती ५१७ ते ५१७.५ मीटरच्या आसपास ठेवावी ही आपल्याकडची मागणी. आणि तिकडे दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने डिसेंबर २०१० मध्ये दिलेली ५२४.२५६ मीटरची मुभा. वाद महत्त्वाचा आहे, तो सोडून द्या असं मी म्हणत नाही. जून २०२१ मध्ये जयंत पाटील आणि येडियुरप्पा बंगळुरूत भेटले, विसर्गाच्या समन्वयावर बोलणी झाली, आणि महिनाभरात पुन्हा महापूर आला. पातळी आणि बैठका यांच्यापलीकडेही काहीतरी आहे, त्यासाठी हा धागा.

दोन्ही राज्यांनी विसर्गाचं वेळापत्रक मान्य केलं तरी ते अमलात येतं दरवाज्यांमधून. सांगितलेल्या तासाला, सांगितलेल्या फुटांनी दरवाजा हलला नाही तर वेळापत्रक कागदावरच राहतं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाज्याची साखळी तुटली आणि ६० फूट रुंद, २० फूट उंच दरवाजा वाहून गेला. धरण जवळजवळ भरलेलं होतं. दाब कमी करायला उरलेले दरवाजेही उघडावे लागले. आठवडाभरात वाहत्या पाण्यात स्टॉपलॉगचे (खाचेत उतरवायच्या लोखंडी अडसराचे) तुकडे उतरवून गाळा (दरवाज्याची जागा) बंद केला, तोवर ३० टीएमसीहून (१ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जास्त पाणी निघून गेलं होतं. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणा या तिन्ही राज्यांचं पाणी.

आपल्या बाजूची कोयना, राधानगरी, वारणा, दूधगंगा ही धरणंही आता तरुण नाहीत. दरवाजे, दगडी बांधकामाची गळती, मातीचे भराव आणि दोन राज्यांतली माहितीची देवाणघेवाण यावर जाणकारांनी नेमकं लिहावं. राजकारण नको.

आवक_जावक

आधी हिशेब, कारण धरण आधीच रिकामं का केलं नाही हा प्रश्न दरवर्षी येतो.

१ टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर सुमारे ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) लागतात. कोयनेचा एकूण साठा १०५.२५ टीएमसी. समजा साठा ९० वर आहे, म्हणजे सव्वापंधरा टीएमसी जागा शिल्लक. घाटात मोठा पाऊस झाला आणि आवक १ लाख क्युसेक झाली, तर दिवसाला ८.६४ टीएमसी येतं. धरण पायथा विद्युतगृहाची दोन्ही युनिटं चालवून जातात फक्त २,१०० क्युसेक, दिवसाला ०.१८ टीएमसी. धरण पावणेदोन-दोन दिवसांत भरतं.

आता दोन दिवस आधी अंदाज मिळाला आणि ३० हजार क्युसेकने दरवाजे उघडले असं धरा. दोन दिवसांत जेमतेम ५.२ टीएमसी जागा होते. १ लाखाच्या आवकेला ती जागा १४ तासांत भरते. तुम्ही पूर थांबवत नाही, त्याचं शिखर १४ तास पुढे ढकलता. हे १४ तास लाखमोलाचे आहेत, कारण तेवढ्यात वारणेचं आणि पंचगंगेचं शिखर पुढे सरकून जाऊ शकतं. मात्र त्यासाठी चारही धरणांचे विसर्ग एकाच तक्त्यावर मांडलेले हवेत. प्रत्येक धरणाने आपापल्या परिचलन सूचीप्रमाणे (कधी किती पाणी सोडायचं याचा तक्ता) पाणी सोडलं आणि सगळी शिखरं नृसिंहवाडीच्या संगमावर एकदम आली, तर प्रत्येकाची सूची बरोबर असूनही कुरुंदवाड बुडतं.

कोयनेचं पाणी पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे वळवा असंही बरेच जण सुचवतात. तिथे बच्छावत लवादाची (पहिल्या कृष्णा लवादाची) वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, आणि ते पाणी शेवटी चिपळूणवरून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीत जातं. जुलै २०२१ मध्ये ज्या दिवसांत सांगली धास्तावलेली होती त्याच दिवसांत चिपळूण बुडालं होतं.

धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटाचं (जिथलं पाणी धरणात न अडता थेट नदीत उतरतं त्या भागाचं) काय, हा खरा अवघड भाग. तिथल्या पावसावर कोणत्याच दरवाज्याचा ताबा नसतो. खाली नदी आधीच भरलेली असेल तर धरणांनी त्या काळात हात आखडता घ्यायला हवा, आणि हात आखडायला जागा आधी केलेली हवी.

ट्रनियन

यांत्रिकी बाजू लिहितो.

वक्राकार दरवाज्याची तपासणी रंगापासून नव्हे, ट्रनियनपासून सुरू करावी. ट्रनियन म्हणजे ज्या खिळीवर दोन्ही बाहू फिरतात तो सांधा. दरवाजा बंद असताना पाण्याचा सगळा भार तिथे येतो. जुनं ग्रीस कडक होतं, नवं ग्रीस भरलं तरी ते मोकळ्या अंगाला जातं आणि भाराच्या अंगाला पोचतच नाही. म्हणून ग्रीस भरताना दरवाजा हलता हवा, निदान थोडा वर-खाली करून पुन्हा भरावं. कॅलिफोर्नियातल्या फोल्सम धरणाचा एक दरवाजा १७ जुलै १९९५ ला नेहमीप्रमाणे उघडताना मोडला. ट्रनियनच्या खिळीला गंज चढून घर्षण वाढलं होतं आणि त्या जोराने बाहूंना जोडणारा तिरका तुकडा निसटला. दरवाजा बाहेरून ठीक दिसत होता.

घर्षण वाढतंय हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे होईस्टच्या (दरवाजा उचलणाऱ्या यंत्राच्या) मोटरचा अँपिअर. प्रत्येक चाचणीत किती फूट उघडताना किती अँपिअर लागले हे रजिस्टरमध्ये लिहा. त्याच दरवाज्याचा, त्याच पातळीवरचा आकडा दरवर्षी चढत असेल तर ट्रनियन, बाजूचं सील किंवा गिअरबॉक्स यांपैकी काहीतरी धरतंय. एकाच धरणाच्या सहा दरवाज्यांत एकाचाच आकडा वेगळा असेल तर तो दरवाजा आधी घ्या.

वायर रोप: एका पिळाच्या लांबीत सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच पदरात तीन, की रोप बदलायचा. व्यास कमी झाला असेल तरी बदलायचा. सगळ्यात वाईट जागा म्हणजे जिथे रोप दरवाज्याला खाली अडकवलेला असतो. तो भाग बराच काळ ओला, गाळात, आणि वरून दिसत नाही. वरच्या ड्रमजवळचं चकचकीत ग्रीस बघून शेरा मारणं म्हणजे तपासणी नव्हे. दोन्ही रोपांचा ताण सारखा हवा, नाहीतर दरवाजा तिरका उचलला जातो, एका बाजूचं सील फाटतं आणि दुसऱ्या बाजूने पाण्याची धार सुटते.

रबर सील नवं बसवताना ते २ ते ५ मिमी दाबलेलं राहील असं लावतात. जास्त दाबलं तर घर्षण वाढून रबर लवकर फाटतं, कमी दाबलं तर गळतं. सांधा चिकटवलेला नको, व्हल्कनाइझ केलेला हवा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. साधे बोल्ट लावले की पुढच्या वेळी गॅसने कापावे लागतात आणि त्या उष्णतेने पट्टी वाकते.

आडव्या गर्डरमध्ये पाणी निघून जायला भोकं असतात, ती पाला आणि चिखलाने बुजतात. तिथे वर्षभर पाणी साचतं आणि गर्डर आतून खाल्ला जातो. भोकं मोकळी करायला एक माणूस आणि एक सळई पुरते. सबंध यादीत यापेक्षा स्वस्त काम नाही आणि हेच सर्वात जास्त राहून जातं. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजा, मूळ नकाशातल्या जाडीशी ताडून बघा. संकल्पनेत गंजासाठी साधारण दीड मिमी धरलेले असतात, त्याहून जास्त गेलं असेल तर नुसता रंग देऊन भागत नाही.

रंगाबद्दल एवढंच: वाळूच्या झोताने लोखंड पांढरट होईपर्यंत साफ करून त्याच दिवशी, गंजाची पहिली छटा येण्याआधी, झिंकचा पहिला थर द्यायचा. वर कोलटार इपॉक्सी, एकूण जाडी ३०० मायक्रॉनच्या पुढे. घाटात मे महिन्याच्या शेवटी हवा दमट झाली की हे काम करू नये. रंग चढतो, टिकत नाही.

शेवटी वीज. दोन जनरेटर असतात, अडचण बहुतेक वेळा बॅटरीची. आठवड्यातून एकदा जनरेटर भारासह चालवावा. रिकामा पाच मिनिटं फिरवून सही केली तर काहीच कळत नाही. हँडलने दरवाजा उघडता येतो, पण त्याला लागणारा वेळ पूर देत नाही.

शिरोळ_तालुका

ट्रनियन, फार उपयोगी. दोन प्रश्न. स्टॉपलॉग नसतील तर दरवाजे दुरुस्त कधी करायचे? आणि राधानगरीच्या स्वयंचलित दरवाज्यांना हे सगळं लागू होतं का?

ट्रनियन

सांडव्याचे दरवाजे धरणाच्या माथ्याजवळ असतात. फेब्रुवारी-मार्चनंतर पाणी सांडव्याच्या माथ्याखाली उतरलं की सगळे दरवाजे कोरडे, स्टॉपलॉगशिवाय काम होतं. गोंधळ कॅलेंडरचा आहे. मान्सूनोत्तर तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अंदाजपत्रक डिसेंबरात, निविदा मार्चमध्ये, कार्यादेश एप्रिलअखेर. हातात उरतो मे. मग सील बदलतात, रंग मारतात आणि ट्रनियन पुढच्या वर्षावर जातं. उपाय म्हणजे सुटे भाग कामाच्या निविदेपासून वेगळे काढून आधीच्या वर्षीच खरेदी करणं. वायर रोप आणि सील हे मापाप्रमाणे मागवायचे असतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत.

स्टॉपलॉग लागतात ते भर पावसाळ्यात काही बिघडलं तर. ते शक्यतो स्थिर पाण्यात उतरवायचे असतात. तुंगभद्रेला वाहत्या पाण्यात उतरवले ते निवृत्त तज्ज्ञ कन्हैया नायडू यांच्या देखरेखीखाली, आणि तो अपवाद होता. स्टॉपलॉग असतील तर दरवर्षी एका गाळ्यात एक तुकडा पूर्ण तळापर्यंत उतरवून परत काढून बघा. खाचेत दगड अडकलेला असणं, उचलायच्या बीमचा हुक न बसणं, गॅन्ट्रीचे रूळ सरकलेले असणं, हे सगळं त्या एका चाचणीत समजतं.

राधानगरी वेगळी आहे. सात दरवाजे, प्रत्येकी १,४२८ क्युसेक, धरण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कोणी बटण दाबत नाही. म्हणजे वीज गेली तरी चालतात, हा मोठा गुण. पण आत्ता थांबा, भोगावतीला खाली जागा नाही, असं त्यांना सांगता येत नाही. त्यामुळे राधानगरीची पूर्वतयारी फक्त खालच्या सेवाद्वारांतून आणि वीजगृहातून होते, आणि ती वाट अरुंद आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीच्या वेळी तिथलं एक सेवाद्वार उघडं अडकलं आणि पाणी जोरात वाहून गेलं, पावसाळा नसल्याने निभावलं. समन्वयाच्या तक्त्यात राधानगरीला नियंत्रित धरण धरू नका. तिच्या पातळीवरून दरवाजे किती तासांत उघडतील याचा अंदाज धरा आणि बाकीची धरणं त्याभोवती बसवा.

दगडी_बांध

गळतीवर लिहितो, कारण दूधगंगा म्हणजे काळम्मावाडी हे दोन्ही राज्यांचं धरण आहे (२५.४० टीएमसी, त्यात कर्नाटकाचा ४ टीएमसी हिस्सा) आणि तिथली गळती सर्वांना माहीत आहे.

दगडी धरणात पाणी सांध्यांतल्या मसाल्यातून वाट काढतं. जाताना चुना विरघळवून नेतं, खालच्या अंगाला आणि गॅलरीत पांढरे ओघळ दिसतात ते हेच. मसाला पोकळ होत जातो, गळती वाढते, धरणाचं वजनही थोडं थोडं कमी होतं. गुरुत्व धरण उभं राहतं ते वजनावर, म्हणून हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

सगळ्यात घातक दुरुस्ती म्हणजे खालच्या अंगाने गळती लिंपून टाकणं. बाहेरून भिंत कोरडी दिसते, आत पाणी कोंडतं आणि दाब वाढतो. पाणी अडवायचं ते जलाशयाच्या अंगाला, आणि आत शिरलेल्याला निचऱ्याची वाट मोकळी ठेवायची. हा क्रम उलटा झाला तर दुरुस्तीनेच धरण कमकुवत होतं.

जलाशयाच्या अंगाला सांधे खोल कोरून, पाण्याच्या दाबाने धुऊन, पॉलिमर मिसळलेल्या किंवा न आकुंचणाऱ्या मसाल्याने भरायचे. त्यानंतर माथ्यावरून ग्राउटिंग, म्हणजे भोकांतून दाबाने सिमेंटचं पाणी भरणं. आधी ३ मीटर अंतरावर भोकं, ती भरून झाली की मधोमध दुसरी फेरी. प्रत्येक भोकात आधी पाण्याची चाचणी: १० बार दाबाला एका मीटर लांबीत मिनिटाला एक लिटर पाणी गेलं तर ते एक लुजाँ. जुन्या दगडी बांधकामात पूर्ण १० बार लावायचे नाहीत, कमी दाबावर मोजून हिशेबाने काढायचं. सिमेंटचं पाणी आधी पातळ, पाच भाग पाण्याला एक भाग सिमेंट, मग भोक घेत राहिलं तर टप्प्याटप्प्याने एकास एकपर्यंत घट्ट. दाब चौरस सेंटिमीटरला एक-दोन किलोच्या आसपासच. घाई करून दाब वाढवला की बांधकाम आतून उकलतं आणि सिमेंट भलतीकडे जातं.

ते भलतीकडे म्हणजे बहुतेक वेळा निचऱ्याच्या उभ्या नळ्या. ग्राउटिंग चालू असताना जवळच्या नळ्यांतून पाणी वाहतं ठेवा, सिमेंटचा रंग दिसला की लगेच थांबून नळी धुवा. काम संपल्यावर प्रत्येक नळी पूर्ण खोलीपर्यंत मोकळी आहे हे गज सोडून तपासा. गळती लिटरांत किती कमी झाली हे सगळे विचारतात. निचऱ्याच्या नळ्या चालू आहेत का आणि पायातला उत्प्लावक (धरणाला खालून वर उचलणारा) दाब किती हे कोणी विचारत नाही, आणि धरणाच्या सुरक्षिततेला तेच आकडे हवेत.

आता दोन राज्यांचा भाग. जलाशयाच्या अंगाचं काम करायला पाणी खूप खाली न्यावं लागतं, आणि सिंचनासाठी, पिण्यासाठी ते ठेवावंही लागतं. दरवर्षी उन्हाळ्यात कर्नाटक महाराष्ट्राकडे कोयना-वारणेतून पाणी मागतं. ही मागणी एप्रिलमध्ये पत्र पाठवून सुटी सुटी सोडवण्याऐवजी ऑक्टोबरातच ठरवली, तर ज्या धरणाची दुरुस्ती त्या वर्षी आहे तिथूनच ते पाणी देता येईल. धरण दुरुस्तीसाठी रिकामं होईल आणि पाणीही वाया जाणार नाही. दूधगंगेपुरतं हे सुरू व्हायला हरकत नसावी.

फुगवटा

मुद्दे चांगले आहेत, पण अलमट्टीचा विषय बाजूला पडू नये. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आला नाही असा निष्कर्ष काढला, तो सांगलीत पुष्कळांना पटलेला नाही. नुसती धरणाची पातळी आणि सांगलीची पातळी यांतला फरक दाखवून फुगवटा (धरणामुळे पाणी मागे चढणं) नाही असं म्हणता येत नाही. वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. विसर्ग वाढला की उतार वर चढत जातो, गाळाने तो आणखी चढतो, आणि मध्ये हिप्परगी बंधारा आहे.

आवक_जावक

मान्य, आणि हे मोजून ठरवता येतं. राजापूर बंधारा, हिप्परगीच्या वरची बाजू आणि अलमट्टी, तिन्ही ठिकाणची पातळी एकाच तासाला, पूर्ण पुराच्या काळात. विसर्ग वाढत असताना राजापूर ते हिप्परगी हा उतार कमी होत गेला तर फुगवटा वर येतोय. उतार तसाच राहिला किंवा वाढला तर पाणी वरूनच जास्त येतंय. हा तक्ता दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकत्र भरला तर वादाला निदान समान पाया मिळेल.

त्याआधी एक साधं काम हवं. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी फुटांत सांगतात (इशारा ४०, धोका ४५), कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची फुटांत (इशारा ३९, धोका ४३), आणि अलमट्टीची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. पुलाचे फूट हे त्या पट्टीच्या शून्यापासूनचे. २०१९ मध्ये आयर्विनला ५७ फूट ६ इंच पाणी होतं, म्हणजे समुद्रसपाटीपासून किती हे पूर नियंत्रण कक्षाच्या रोजच्या पत्रकात दिसायला हवं. सर्व पट्ट्यांचे शून्य एकाच सर्वेक्षणाने जोडावेत, सीमेपलीकडच्यासुद्धा. कृष्णा-भीमा खोऱ्यात महाराष्ट्राची तात्काळ माहिती देणारी स्वयंचलित केंद्रं आहेत, पुण्याच्या सिंचन भवनातून अंदाज निघतात. सीमेनंतर तो धागा तुटू नये एवढीच अपेक्षा आहे.

सुटे_भाग

तुंगभद्रेसारखं राज्यांचं संयुक्त मंडळ इथेही व्हावं असं काही जण म्हणतात, त्यावर. तिथे मंडळ होतं, तरीही साखळी तुटली, कारण दरवाज्यांचं वय झालं होतं. मंडळ असल्याचा फायदा नंतर दिसला: निर्णय एका ठिकाणी झाला आणि स्थानिक कारखान्यांत तुकडे तातडीने बनले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

सगळ्या धरणांसाठी स्टॉपलॉगचा सामायिक साठा करा असंही कोणी सुचवेल, ते मात्र चालणार नाही. प्रत्येक धरणाच्या गाळ्याची रुंदी आणि खाचेचं माप वेगळं. सामायिक ठेवता येतील त्या वस्तू म्हणजे मोठी क्रेन कुठून किती तासांत येईल याचे करार, पाणबुडे आणि पाण्याखालचा कॅमेरा, फिरते जनरेटर, आणि प्रत्येक धरणाच्या दरवाज्याचे नकाशे वापरण्याजोग्या स्वरूपात. तुकडा रातोरात कापायचा तर आधी नकाशा हातात हवा.

मातीचा_भराव

मातीच्या धरणांबद्दल कोणी लिहिलं नाही. तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं, ते छोटं मातीचं धरण होतं.

पायथ्याच्या निचऱ्यावर ९० अंशाची व्ही-नॉच (गळती मोजायची व्ही आकाराची खाच) बसवा. पाण्याची उंची १० सेंमी म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ सेंमी म्हणजे १२ लिटर, २० सेंमी म्हणजे जवळजवळ २५ लिटर. उंची दुप्पट झाली की गळती साडेपाचपट होते, हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून पट्टी वाचून लिहायची, शेजारी जलाशयाची पातळी लिहायची. जलाशय स्थिर आणि गळती वाढतेय, किंवा पाणी गढूळ आलंय, तर त्याच क्षणी वरिष्ठांना कळवायचं. गढूळ पाणी म्हणजे भराव आतून वाहून जातोय.

अशा जागेवर काळी माती टाकून भोक बुजवू नका, पाणी शेजारून फुटतं. आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी, सर्वात वर दगड. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. हे साहित्य पावसाळ्याआधी धरणाच्या पायथ्याशी ढीग करून ठेवलेलं हवं, कारण फुटायच्या वेळी रस्ता चिखलात असतो आणि डंपर पोचत नाही.

भरावावरची झाडं लहान असतानाच काढा. मोठं झाड नुसतं तोडलं तर मुळं कुजून नळी तयार होते. मुळांसकट काढून, खड्डा थराथराने ठोकून भरायचा.

शिरोळ_तालुका

कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) जूनच्या सुरुवातीला काढले जातात, ते खरंच सगळे निघाले का हेही पाहायला हवं. अडकलेल्या बरग्यांना पुरात झाडं-झुडपं अडतात आणि प्रवाह अडतो.

बाकी, गावपातळीवर माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं हे कोणी सांगेल का?

कृष्णाकाठ

धरणनिहाय मागा. धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर तपासणी बंधनकारक आहे, तेव्हा गेल्या तीन वर्षांचे दोन्ही अहवाल. त्यात नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेने धरण त्रुटींच्या कोणत्या श्रेणीत टाकलं आहे, आणि मागच्या अहवालातल्या किती त्रुटी तशाच पुढच्या अहवालात आल्या आहेत. दरवाजे चाचणीचं रजिस्टर, अँपिअरच्या नोंदींसह. वायर रोप बदलल्याची तारीख आणि चाचणी प्रमाणपत्र. जनरेटरचं लॉगबुक. मंजूर जलाशय परिचलन सूची आणि त्या पावसाळ्यातली दर तासाची आवक, विसर्ग, पातळी. आपत्कालीन कृती आराखडा, आणि त्यात सीमेपलीकडच्या चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतल्या गावांना कोण, कोणत्या क्रमांकावर, किती वेळात कळवणार हे लिहिलेलं पान.

हे ऑक्टोबरमध्ये मागा. जूनमध्ये मागितलं तर उत्तर पूर ओसरल्यावर येतं.